गटाराला धनी कोण?

नमस्कार श्रोतेहो.

नदी स्वच्छता म्हटलं की हातमोजे घालून काठावरच्या पिशव्या वेचणारे स्वयंसेवक डोळ्यांपुढे येतात. काम चांगलंच आहे, पण नदीचा जीव घेतं ते मुख्यतः सांडपाणी. मैला कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०१७ च्या जल अहवालानुसार, अल्प उत्पन्नाच्या देशांत जेमतेम ८ टक्के सांडपाण्यावर प्रक्रिया होते.

मग प्रक्रिया केंद्रं बांधा की! बांधतातही. पण कुठे वस्तीतलं पाणी तिथवर पोचतच नाही, कुठे विजेचं बिल थकतं आणि पंप बंद पडतात.

पाकिस्तानात कराचीच्या ओरंगी वस्तीत १९८० साली समाजकार्यकर्ते अख्तर हमीद खान यांनी ‘ओरंगी पायलट प्रकल्प’ सुरू करून वेगळी वाट धरली. वीस-तीस घरांच्या गल्लीने आपला प्रमुख निवडायचा, वर्गणी काढायची आणि गटाराची वाहिनी आपणच टाकायची. नकाशा, उताराची मापं, अवजारं प्रकल्पातले लोक द्यायचे. मध्ये कंत्राटदार नाही, त्यामुळे खर्च कितीतरी खाली आला. आणि स्वतःच्या पैशाने घातलेलं गटार तुंबलं, तर कोण अर्ज लिहीत बसतो?

अर्थात हे अर्धंच झालं. गल्ल्या कोरड्या झाल्या, पण मैला जवळच्या नाल्यांत उतरला. पुढच्या मोठ्या वाहिन्या आणि प्रक्रिया हे सरकारचं काम, असं प्रकल्पाचे लोक सांगतच होते. लोकसहभागाच्या नावाखाली सरकारने अंग काढून घ्यावं, हे मला तरी मान्य नाही.

कोलकात्याच्या पूर्वेला तर सांडपाण्यावर लोकांचं पोट चालतं. मच्छीमार शहराचं पाणी उथळ तळ्यांत बेताबेताने सोडतात. उन्हात शैवाल वाढतं, ते प्राणवायू सोडतं, त्यावर जिवाणू घाण पचवतात आणि शैवाल माशांच्या पोटात जातं. पाण्याचा रंग आणि वास पाहून जाणता मच्छीमार ओळखतो, आणखी किती सोडायचं ते. एरवी आपण जिच्या नावाने बोटं मोडतो ती जलपर्णीसुद्धा इथे कडेने मुद्दाम राखतात, लाटांनी बांध ढासळू नयेत म्हणून. सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या पाणथळ प्रदेशाला २००२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांना आंतरराष्ट्रीय करारानुसार मिळणारी मान्यता, मिळाला. तरी बांधकामाचा रेटा आहेच. कारखान्यांची विषारी रसायनं आणि जड धातू मात्र असं तळं पचवू शकत नाही. तिथे कायद्याचाच बडगा हवा.

तुमच्या मंडळाने नदीची मोहीम आखली असेल, तर एक दिवस काठ सोडा आणि नाल्याच्या कडेने उलटं वर चालत जा. कुठला पाइप कुठून येतो, वहीत टिपा. घरांचा असेल, तर त्या गल्लीची बैठक बोलवा. कारखान्याचा असेल, तर जागा, वेळ, पाण्याचा रंग लिहून, फोटो जोडून प्रदूषण नियंत्रण यंत्रणेकडे लेखी तक्रार करा, आणि पोच घ्यायला विसरू नका.

नमस्कार.