हरलो तर का हरलो, ते कळलं पाहिजे

श्रोतेहो, नमस्कार.

व्हिडिओ गेमबद्दल आपल्या गावात दोनच वाक्यं ऐकू येतात. घरातली मोठी माणसं म्हणतात, "तो मोबाइल ठेव बाजूला." आणि पारावरचे पोट्टे विचारतात, "तुझ्याकडे कोणता गेम आहे?" तो गेम चांगला आहे का, असेल तर कशामुळे, यावर कोणी बोलत नाही. आपल्याकडे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रात्रभराचं नाटक संपलं, की सकाळी चहाच्या टपरीवर एकेका प्रवेशाची चर्चा होते. कोणाचा आवाज पोचला नाही, कोणाचं गाणं रंगलं, सगळं निघतं. खेळांच्या वाट्याला तेवढं लक्ष येत नाही, आणि मला ते मनापासून खटकतं. मी यवतमाळ जिल्ह्यात कापूस, सोयाबीन आणि तूर पिकवतो, आणि लहानपणापासून गेम खेळत आलो आहे. त्यातल्या काहींबद्दल मला जे वाटतं ते आज स्पष्ट सांगतो.

माझं मोजमाप एकच आहे. खेळात हरलो, तर का हरलो हे मला कळलं पाहिजे. हात उशिरा उठला, घाई केली, समोरचा जास्त हुशार होता, काहीही असो; कारण दिसलं पाहिजे. कारण दिसलं तर माणूस पुन्हा खेळायला बसतो आणि थोडा सुधारतो. ज्या खेळात ते दिसत नाही, तो कितीही रंगीत असला तरी माझ्या लेखी कच्चा.

माझ्या वयाच्या लोकांनी सुरुवात केली ती टीव्हीला जोडायच्या गेमपासून. कॅसेटवर '९९९९ गेम' असं छापलेलं असायचं, आणि आत पाहिलं तर तेच मोजके खेळ नाव बदलून फिरत राहायचे. त्यात कॉन्ट्रा असला की कॅसेट वसूल. कोनामी या जपानी कंपनीचा हा खेळ टीव्हीच्या यंत्रांसाठी १९८८ साली आला. हाताशी तीन जीव, आणि एक गोळी लागली की एक जीव गेला. एवढा कडक खेळ, पण त्यानं आपल्यावर अन्याय केला असं मला कधी वाटलं नाही. शत्रूची गोळी पांढऱ्या ठिपक्यासारखी डोळ्यांसमोरून येते. ती चुकवायला वेळ असतो. नाही चुकवली तर चूक आपलीच.

त्याच्या तिसऱ्या टप्प्यात एक धबधबा आहे. खडकांवरून उड्या मारत वर चढायचं. दोघं मिळून खेळत असाल आणि एक जण भराभर वर गेला, तर पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो आणि खाली राहिलेला साथीदार मरतो. शत्रूनं मारलेलं नसतं, आपल्याच माणसाच्या घाईनं मेलेला असतो. हे कुठं लिहून सांगितलेलं नाही, पण एकदा झालं की दोघांनाही समजतं. मग वरचा थांबतो, खालच्याला हाक मारतो, एक-एक खडक मोजून दोघं चढतात. दोन भावंडांना एकमेकांसाठी थांबायला लावणारा असा टप्पा ज्यानं आखला, त्याच्याबद्दल मला आजही आदर आहे. तीस जीव मिळवायची ती बटणांची युक्ती, वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, ती कित्येकांना अजून तोंडपाठ असेल. ती वापरणं म्हणजे लबाडी, असं काही जण मानतात. मला तसं वाटत नाही. त्या युक्तीमुळेच लहान पोरांना शेवटचा टप्पा पाहायला मिळाला.

पुढं तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटरवर खेळायला मिळालं, आणि तिथं क्रिकेट ०७ भेटला. ईए स्पोर्ट्सचा हा खेळ २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आला. त्यानंतर त्या कंपनीनं क्रिकेटचा मोठा खेळ काढलाच नाही, तरी लोक त्यात नव्या खेळाडूंची नावं आणि नवे कपडे घालून तो वर्षानुवर्षं खेळत राहिले. कारण त्याची फलंदाजी. चेंडू टप्पा घेतो त्या क्षणाला बटण दाबलं तर फटका सुटतो, जरा आधी दाबलं तर हवेत झेल. समालोचनाला रिची बेनॉ आणि मार्क निकोलस. पण अंदाज एकदा पक्का बसला, की कॉम्प्युटरच्या गोलंदाजाकडे उत्तरच उरत नाही. षटकार मारत सुटायचं, बस. कसोटी सामन्यात दिवसभर उभं राहण्याचा जो कस असतो, तो या खेळात उतरलेला नाही.

मोबाइलवर क्रिकेट हवं असेल तर चेन्नईच्या नेक्स्टवेव्ह कंपनीचा वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप २ मी सुचवीन. तो स्वस्तातल्या फोनवर चालतो आणि नेट नसतानाही चालतो. आपल्याकडे ही गोष्ट फार मोलाची आहे. मधल्या जाहिराती मात्र त्रास देतात.

आता ज्या खेळावरून घराघरात भांडणं झाली, तो पबजी. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नावानं आला, वर्षभरानं पुन्हा बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परत सुरू झाला. एका बेटावर शंभर जण उतरतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. खेळ म्हणून त्याची बांधणी पक्की आहे, हे मी मान्य करतो. पावलांच्या आवाजावरून माणूस कुठं आहे ते ओळखायचं, आखडत जाणाऱ्या वर्तुळाचा अंदाज घेऊन आधीच जागा धरायची, गाडी घ्यायची की पायी जायचं ते ठरवायचं. यात डोकं लागतं. चौघं मित्र मिळून खेळताना कोण घाबरट, कोण आपल्या वाटणीची गोळी दुसऱ्याला देतो, तेही कळतं.

पण दोन गोष्टी पालकांनी आणि पोरांनी ऐकाव्यात. एक, सुरुवातीच्या सामन्यांत समोर दिसणारे बरेच शत्रू माणसं नसतात, यंत्रच त्यांना चालवतं. त्यांना मारून आपण मोठे खेळाडू झालो असा समज करून घेऊ नका. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा खेळ नेटच्या वेगावर चालतो. खेड्यात नेट अडखळलं, की मी आधी झाडलेली गोळी उशिरा पोचते आणि शहरातला मुलगा जिंकतो. तिथं माझं मोजमाप कोलमडतं. हरण्याचं कारण माझ्या हातातही नसतं आणि त्याच्या हातातही नसतं. म्हणून गावातल्या पोट्ट्यांना मी सांगतो, या खेळातल्या क्रमांकावरून स्वतःची किंमत ठरवू नका. अठरा वर्षांखालच्यांना त्यात दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. मोठ्या भावाच्या नावानं खाते उघडून ती ओलांडू नका.

पबजी बंद झाला त्याच आठवड्यात फौजी या भारतीय खेळाची घोषणा झाली आणि २६ जानेवारी २०२१ ला तो आला. केवढी वाट पाहिली होती आम्ही! गलवान खोऱ्यातल्या जवानांचा विषय, आणि कमाईतला वाटा शहीद जवानांच्या कुटुंबांसाठी. विषयाला माझा सलाम आहे. खेळ मात्र वाईट निघाला, हे त्या विषयाचा मान ठेवूनच सांगतो. सुरुवातीला त्यात एकट्यानंच चालत जायचं, तीच ती माणसं समोर यायची, तेच ते ठोसे मारायचे, शेकोटीपाशी बसून बळ भरून घ्यायचं आणि पुढं तेच. कोणता वार का लागला, कोणता का हुकला, याचा पत्ता लागत नाही. जवानांच्या नावानं खेळ काढायचा तर त्यावर दुप्पट मेहनत घ्यायला हवी होती.

याच्या उलट, पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीनं राजी नावाचा खेळ केला. तो २०२० मध्ये आला. डोंबाऱ्याचे खेळ करणारी राजी नावाची मुलगी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, आणि तिला शोधात साथ देणारे दुर्गा आणि विष्णू. किल्ल्यांच्या भिंती राजस्थानी, मधली गोष्ट सावल्यांच्या बाहुल्यांमधून सांगितलेली, भिंतींवर देवतांच्या कथा रंगवलेल्या. हातात त्रिशूळ घेऊन ती खांबाभोवती गरकन फिरते आणि शत्रूवर येते, तेव्हा अंगावर काटा येतो. आपल्या गोष्टी अशाही खेळता येतात, हे मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. दोष आहेत. कॅमेरा आपल्याला फिरवता येत नाही, त्यामुळे कधी कड्याचा काठ नीट दिसत नाही आणि राजी खाली पडते. काही तासांतच खेळ संपतो, आणि गोष्ट ऐन रंगात असताना तुटल्यासारखी थांबते. हे सगळं धरूनही मी तो पुन्हा खेळलो. एवढ्या प्रेमानं केलेली गोष्ट सहसा पाहायला मिळत नाही.

लुडो किंगबद्दल थोडंच सांगतो. लॉकडाउनमध्ये पुण्या-मुंबईला अडकलेली पोरं आणि गावातले आईबाप त्यावर एकत्र आले, तेवढ्यासाठी तो चांगला. कँडी क्रश मला पटत नाही. त्यात पाच जीव मिळतात आणि गेलेला एक जीव परत यायला अर्धा तास लागतो. वाट पाहायची नसेल तर पैसे मोजा. जुळवायच्या रंगीत गोड गोळ्या कशा पडतील हे नशिबावर, आणि अडलो की दुकान समोर हजर. मी कुठं चुकलो याचं उत्तर तिथं मिळत नाही.

आणि पैसे लावून खेळायचे ते रमीचे आणि टीम लावायचे प्रकार, त्यांना मी खेळ म्हणतच नाही. आमच्या भागात कापसाचा चुकारा हातात आला आणि त्यातला मोठा भाग बियाणं-खताच्या आधी फोनमध्ये गेला, अशी घरं मी जवळून पाहिली आहेत. त्या घरातल्या बाईला कळतं तेव्हा पेरणी तोंडावर आलेली असते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं अशा ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मला तो हवाच होता. तरीही कोणी फोनवर असल्या नव्या ॲपचा दुवा पाठवला, तर तो उघडू नका, एवढं हात जोडून सांगतो.

आता माझ्या आवडीच्या खेळाकडे येतो. स्टारड्यू व्हॅली. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसानं चार वर्षांहून जास्त काळ बसून हा खेळ केला; चित्रं त्याची, संगीत त्याचं, गोष्टही त्याची. २०१६ साली तो आला, आणि पुढं मोबाइलवरही. एकदाच पैसे द्यायचे. जाहिरात नाही, नंतर काही विकणं नाही. पडीक वावर मिळतं, ते साफ करायचं, पेरायचं, पाणी द्यायचं. चार ऋतू, प्रत्येक अठ्ठावीस दिवसांचा. ऋतू बदलला की त्याबाहेरचं पीक एका रात्रीत वाळतं. हंगाम साधला नाही तर का साधला नाही, हे आपण कॅलेंडरवर बोट ठेवून सांगू शकतो.

हरभऱ्याच्या दिवसांत रात्री जागलीला मचाणावर बसतो, तेव्हा मी हा खेळतो. आवाज बंद करूनही तो खेळता येतो, आणि डुकरांची चाहूल घ्यायला कान मोकळे लागतात. धुऱ्यावर काही खुसफुसलं, की खेळातली पिशवी उघडायची, तिथला दिवस थांबतो. आरोळी देऊन, बॅटरी फिरवून या, तुमचं पीक जिथल्या तिथं. बीजीएमआय असं थांबत नाही.

शेतकरी म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या खेळात बुजगावणं लावलं की कावळे येत नाहीत. इथं रोही (नीलगाय) बुजगावण्याच्या शेजारी उभा राहून हरभरा खातो. तिथं पिकाचा भाव ठरलेला, कितीही माल न्या, पडत नाही. सोयाबीनचा भाव पाहून ज्यानं ट्रॅक्टर मार्केट यार्डातून परत आणला आहे, त्याला हे गोड वाटेल, पण खरं वाटणार नाही.

फार्मिंग सिम्युलेटर हा स्वित्झर्लंडच्या जायंट्स कंपनीचा खेळ यंत्रांच्या बाबतीत फार बारकाईचा आहे. २००८ पासून तो निघतोय आणि २०१८ साली आलेल्या आवृत्तीत त्यात कापूस आला. मी मोठ्या उत्सुकतेनं तो पाहिला. भलंमोठं यंत्र अख्खं वावर एका फेरीत वेचून गठ्ठा बाहेर टाकतं. आपली पऱ्हाटी अशी वेचत नाहीत. बोंडं एकदम फुटत नाहीत, म्हणून बाया तीन-तीन, चार-चार वेळा त्याच ओळीतून जातात, आणि किलोवर मजुरी घेतात. बोंडअळी तर त्या खेळात नाहीच. ट्रॅक्टर चालवायचा आनंद घ्यायचा असेल तर तो खेळा. कापूस काय असतो ते त्यातून कळणार नाही.

पुण्यात राजी होते, चेन्नईत क्रिकेट होतं, मग आपल्या कापसाचा खेळ नागपूर-अमरावतीच्या पोरापोरींनी करावा, असं मला फार वाटतं. कॉम्प्युटर शिकलेली कितीतरी मुलं आता शेतकऱ्यांच्या घरात आहेत. त्यात मृगाचा अंदाज बांधून पेरावं लागेल, पाऊस ओढ देईल तेव्हा दुबार पेरणी करायची की नाही हे ठरवावं लागेल, डवरणी वेळेवर झाली नाही तर तण दिसेल. पाकळ्या मिटून गुलाबासारखं झालेलं फूल खेळणाऱ्याला ओळखता आलं पाहिजे, कारण अळी आत शिरल्याची ती खूण असते. रात्रीची लाइन आली की उठून पंप लावावा लागेल. आणि कापूस घरात साठवायचा की लगेच विकायचा, हा निर्णय खेळणाऱ्याचा असेल, भाव वर जाणार की खाली हे माहीत नसताना. असा खेळ कोणी करत असेल तर बोंडअळीच्या फुलापासून वेचणीच्या हिशेबापर्यंत लागेल ती माहिती मी देईन, आणि तयार झाल्यावर पूर्ण किंमत मोजून विकत घेईन.

नमस्कार.