साबण कुठे गेला?

श्रोते हो, नमस्कार.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या वॉर्डच्या दारावर एक परिपत्रक चिकटवलं गेलं. रुग्णाला हात लावण्यापूर्वी हात धुणे सक्तीचे आहे, असा मजकूर आणि खाली सही-शिक्का. बेसिनवर मात्र साबण नव्हता. सकाळी ठेवलेली वडी दुपारपर्यंत नाहीशी व्हायची आणि नवीन मागायची तर इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, स्टोअरमध्ये आठवडाभर पडून. आम्ही सिस्टर्स परिपत्रक वाचायचो आणि कामाला लागायचो. हॉस्पिटल कुठलं ते सांगत नाही. गोवा केवढा आहे तुम्हाला ठाऊकच आहे, संध्याकाळपर्यंत फोन येईल.

आरोग्यसेवेतलं नेतृत्व आणि बदल यावर बोला, असं मला सांगण्यात आलंय. विषय भारदस्त आहे. मला मात्र पहिल्यांदा ती साबणाची वडीच आठवली.

आता थोडं लांबचं सांगते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये 2001 साली डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी एका कागदावर पाच गोष्टी लिहिल्या. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी घालतात, तिच्यातून जंतू रक्तात शिरू नयेत म्हणून. हात धुवा, त्वचा औषधाने पुसा, रुग्णाच्या अंगावर निर्जंतुक चादर घाला, मास्क-गाऊन-हातमोजे वापरा, वर निर्जंतुक पट्टी लावा. नवीन काही नव्हतं, कुठल्याही विद्यार्थ्याला तोंडपाठ. तरी त्यांनी नर्सेसना सांगितलं, महिनाभर फक्त बघा. दर तीन रुग्णांमागे एकापेक्षा जास्त जणांच्या बाबतीत एखादी पायरी गाळली जात होती.

मग व्यवस्थापनाने नर्सेसना अधिकार दिला की डॉक्टरांनी पायरी गाळली तर त्यांना थांबवायचं. हे वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. मी नोकरीला लागले तेव्हा मोठे डॉक्टर वॉर्डात आले की आम्ही खुर्चीवरून उठायचो आणि राउंडला दोन पावलं मागून चालायचो. ‘डॉक्टर, थांबा’ हे शब्द घशातून बाहेर आलेच नसते. आले असते तर माझी बदली झाली असती.

पुढे मिशिगन राज्यातल्या 100 हून अधिक अतिदक्षता विभागांत हे काम झालं. प्रत्येक विभागाला एक वरिष्ठ प्रशासक जोडून दिला होता, तो महिन्यातून एकदा तिथे जाऊन अडचणी विचारायचा. तेव्हा कळलं, त्वचा पुसायचं ते क्लोरहेक्सिडीन निम्म्याहून जास्त ठिकाणी उपलब्धच नव्हतं. प्रशासकांनी ते मागवून घेतलं. दीड वर्षात या नळीतून होणारा संसर्ग जवळपास 66 टक्क्यांनी घटला, 2006 साली ते छापून आलं. कौतुक झालं ते पाच ओळींच्या कागदाचं. कागद आमच्याही दारावर होता की!

आपल्याकडचं सांगते. पूर्वी काणकोण किंवा सत्तरीसारख्या लांबच्या तालुक्यात कुणाच्या छातीत दुखलं की एकच उत्तर असायचं, बांबोळीला न्या. पणजीत 1842 साली सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणारं आपलं मेडिकल कॉलेज तिथे. सगळी मोठी माणसं तिथे, आणि निर्णयही तिथेच. हृदयाचे स्नायू मात्र रस्त्यात मरत राहायचे. ‘स्टेमी’, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद होऊन येणारा झटका, त्यासाठीच्या योजनेत हे उलटं झालं. जवळच्या सरकारी इस्पितळात ईसीजी काढायचा, तो बांबोळीच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोनवर पाठवायचा, आणि त्यांनी होकार दिला की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्या तिथे द्यायचं. अॅम्ब्युलन्स त्यानंतर.

यंत्रं आणणं सोपं. अवघड होतं ते तालुक्याच्या तरुण डॉक्टरच्या हातात सिरिंज देणं. त्या इंजेक्शनने कधी मेंदूत रक्तस्राव होतो, त्यामुळे त्याची भीती खोटी नसते. म्हणून मला वाटतं, रात्री दोन वाजता पलीकडून फोन उचलणारा आवाज कसा आहे, यावर अशी योजना उभी राहते. तो आवाज खेकसला, तर पुढच्या वेळी तो तरुण डॉक्टर सरळ अॅम्ब्युलन्स बोलावणार.

तर, साबण. आमच्याकडे नवीन अधीक्षक आले. एका रात्री अकराच्या सुमारास एकटेच वॉर्डात आले, बेसिन पाहिलं, आणि मला न विचारता झाडणाऱ्या बाईला विचारलं, साबण कुठे जातो? मला जरा रागच आला होता. ती म्हणाली, “सर, लोकांक न्हावपाक साबू ना, म्हणून व्हरतात.”

नातेवाईकांच्या न्हाणीत साबण नव्हता! तीन-तीन दिवस रुग्णाजवळ राहिलेली माणसं, ती आमचा नेणार नाहीत तर काय? अधीक्षकांनी दुसऱ्या दिवसापासून न्हाणीतही साबण ठेवायला लावला. आमची वडी टिकू लागली. परिपत्रक दारावर तसंच राहिलं. पुढे पावसाळ्यात ओल येऊन ते आपोआप गळून पडलं, आणि त्याच बाईने ते झाडून नेलं.

नमस्कार.