पाकिटातली चौथी ओळ

(दृश्य: गडद कापडावर गर्भनिरोधक गोळ्यांचं एक पाकीट. कॅमेरा अगदी जवळ.)

२८ गोळ्या. सात-सातच्या चार ओळी. पहिल्या तीन ओळी एका रंगाच्या, चौथी वेगळ्या रंगाची. मागच्या चंदेरी कागदावर बारीक बाण छापलेत, क्रम चुकू नये म्हणून.

या चौथ्या ओळीत संप्रेरक, म्हणजे हार्मोन, नाही. काही पाकिटांत तिच्यात थोडं लोह असतं, एरवी ती गोळी फक्त गोळीसारखी दिसते. रोज गोळी घ्यायची सवय मोडू नये आणि त्या सात दिवसांत रक्तस्राव होऊन जावा, एवढ्यासाठी ती तिथे आहे.

आता एक बोट चौथी ओळ तशीच सोडतं आणि नव्या पाकिटातली पहिली गोळी दाबून बाहेर काढतं.

(ध्वनी: कागद फाटल्याचा हलका 'टक्'.)

झालं. या महिन्यात बहुधा पाळी येणार नाही.

मराठीत पाळी येते, चुकते, लांबते आणि एका वयानंतर जाते. आपण होऊन ती वगळायची म्हटली, की बोलणाऱ्याचा आवाजच खाली येतो. मग हलक्या आवाजातले प्रश्न सुरू होतात. रक्त आत साठत असेल का? कुठेतरी जायलाच हवं ना ते?

तर आधी तेच बघू.

गोळी न घेणाऱ्या बाईच्या शरीरात दर महिन्याला गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, बीजांड सुटतं, गर्भ राहिला नाही की संप्रेरकं उतरतात आणि ते अस्तर गळून पडतं. ही पाळी. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन्ही संप्रेरकं असलेली गोळी चालू असताना बीजांड सुटत नाही. प्रोजेस्टिन अस्तराला वाढूही देत नाही, ते पातळच राहतं. चौथ्या ओळीत संप्रेरकं अचानक तुटतात, म्हणून ते पातळ अस्तर थोडं गळतं. बाहेरून दिसायला पाळीच, पण आत बीजांड सुटलेलंच नसतं. ती ओळ वगळली तर गळायला फारसं काही उरत नाही. साठण्यासाठी आधी काही तयार तर व्हायला हवं.

मग ही ओळ आली कुठून?

(दृश्य: जुन्या प्रयोगशाळेची कृष्णधवल छायाचित्रं.)

१९५०च्या दशकाची सुरुवात, अमेरिका. डॉक्टर जॉन रॉक मूल होत नसलेल्या बायकांना संप्रेरकं देत होते, सलग, मध्ये खंड न पाडता. त्यांची पाळी थांबली, छाती जड झाली, मळमळायला लागलं, आणि त्यांना वाटलं दिवस राहिले. नाहीत, हे त्यांना सांगावं लागलं. ज्या बाईने वर्षानुवर्षं मुलाची वाट पाहिली, तिला हे ऐकताना काय वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको. शास्त्रज्ञ ग्रेगरी पिंकस यांनी उपाय सुचवला: महिन्यातून वीस दिवसच औषध द्या, मग थांबा, रक्तस्राव होईल. १९५७ साली एनोव्हिड ही गोळी पाळीच्या तक्रारींसाठी मंजूर झाली, १९६० साली गर्भनिरोधक म्हणून. पण महिन्याची ती सुट्टी तशीच राहिली.

म्हणजे चौथी ओळ शरीराच्या गरजेतून आलेली नाही. ती आली बाईची, आणि तिच्या डॉक्टरांचीही, घालमेल होऊ नये म्हणून.

१९७७ साली एडिनबरामधल्या डॉक्टरांनी तीन महिन्यांतून एकदाच रक्तस्राव होईल अशा पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत २००३ साली ८४ दिवसांची आणि २००७ साली वर्षभर सलग घ्यायची गोळी मंजूर झाली. २०१९ साली ब्रिटनमधल्या लैंगिक आणि प्रजनन आरोग्याच्या तज्ज्ञ संस्थेने स्पष्टच म्हटलं, की सात दिवसांच्या सुट्टीने आरोग्याला काही फायदा होत नाही.

उलट त्या सात दिवसांत बीजकोश, म्हणजे बीजांडं तयार करणारे अवयव, जागे व्हायला लागतात. नवं पाकीट उशिरा सुरू झालं, सुट्टी सातची नऊ दिवसांची झाली, तर बीजांड सुटू शकतं. गोळी चालू असताना दिवस राहण्याची ही एक हमखास वाट. सुट्टीच न घेणारीच्या बाबतीत ही वाट बंद होते.

इथवर सगळं सोयीचं. आता गैरसोय.

(दृश्य: एक छोटी वही. महिन्याचे चौकोन आखलेले. काही चौकोनांत तपकिरी ठिपके.)

वहीचं हे पान नमुन्यादाखल भरलंय, पण अशी पानं खूप घरांत असतील. पहिला महिना कोरा. दुसऱ्यात अकरा तारखेला एक ठिपका. बारा, तेरा. मग काही नाही. एकोणीसला पुन्हा. तिसऱ्या महिन्यात सलग नऊ दिवस. लाल नाही, तपकिरी, चहाच्या डागासारखे.

सलग गोळ्यांचा सगळ्यात जास्त आढळणारा दुष्परिणाम हाच: मधेच डाग लागणं, ज्याला सगळे स्पॉटिंग म्हणतात. कारण पुन्हा तेच पातळ अस्तर. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात आणि कुठेतरी फुटतात. रक्त थोडंच जातं, एकूण हिशोब केला तर दरमहाच्या पाळीपेक्षा बहुतेकदा कमी. पण पाळीचे चार दिवस माहीत असतात, तयारी असते. इथे ज्या दिवशी पर्समध्ये पॅड नसतं, नेमका तोच दिवस निघतो. बायका वैतागतात ते रक्ताला नाही, बेभरवशाला. ‘डाग लागणं ही किरकोळ बाब आहे’ असं म्हणणाऱ्याने एकदा पांढरे कपडे घालून दिवस काढून बघावा.

पहिले तीन ते सहा महिने याचा त्रास जास्त, मग तो ओसरत जातो. वर्षभराच्या गोळीच्या चाचणीत शेवटच्या महिन्यापर्यंत अर्ध्याहून थोड्या जास्त जणींचं रक्त पूर्ण थांबलं होतं. म्हणजे उरलेल्यांना तेव्हाही कमीअधिक डाग लागतच होते. ‘पाळी कायमची बंद’ अशी खात्री कुणी देत असेल, तर ती अर्धवट आहे.

यावर डॉक्टर एक साधी युक्ती सांगतात. सलग २१ दिवस तरी गोळ्या झालेल्या असतील आणि डाग तीन-चार दिवस थांबत नसतील, तर तीन-चार दिवस गोळी थांबवायची. रक्त येऊन जातं. मग, अजून थोडं चालू असलं तरी, पुन्हा सुरू. महिन्यातून एकदाच, आणि पहिल्या २१ दिवसांत मुळीच नाही. बऱ्याच जणी वैतागून गोळी मधेच सोडतात, आणि डागांबरोबर संरक्षणही जातं. दुसरीकडे, विसरलेली गोळी, उलट्या, अपस्माराची किंवा क्षयाची काही औषधं, यांनीही डाग लागतात, तेव्हा आधी तिकडे बघायचं. संबंधानंतर रक्त येत असेल, किंवा कित्येक महिने सगळं शांत असताना अचानक सुरू झालं, तर मात्र गोळीवर ढकलून मोकळं होऊ नये, तपासून घ्यावं.

मळमळ, छाती दुखणं, डोकं जड होणं हे सुरुवातीच्या आठवड्यांतलं, बहुतेकींचं आपोआप कमी होतं. काहींचं मन उदास होतं, आणि ते अंगावर काढू नये. वजनाचा प्रश्न हमखास येतो: मोठी वाढ गोळीमुळे होते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्यांना सुट्टीच्या त्या सात दिवसांतच डोकेदुखी आणि पोटदुखी व्हायची, त्यांना सुट्टी गेल्याने उलट आराम पडतो. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचं दुखणं, असलेल्यांना तर डॉक्टर मुद्दाम सलग गोळ्या देतात.

(दृश्य: खुर्चीवर बसलेल्या बाईचे पाय. एका पोटरीवर मोज्याचा वळ दुसरीपेक्षा खोल उमटलेला.)

आता या पोटरीकडे बघा. डागांची चर्चा मैत्रिणींत होते, हिची होत नाही, आणि खरी काळजी इथे आहे.

इस्ट्रोजेन असलेल्या कुठल्याही गोळीने रक्त गोठण्याची शक्यता वाढते, सुट्टी घ्या किंवा घेऊ नका. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० बायकांत वर्षाला साधारण दोघींच्या शिरेत गुठळी होते. गोळी घेणाऱ्यांत, प्रोजेस्टिन कुठलं आहे त्यानुसार, पाच ते बारा जणींच्या. आकडा लहान आहे, गरोदरपणातला याहून मोठा असतो. पण एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, अचानक धाप लागली, छातीत कळ आली, किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

हा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो. महिनाभर किंवा जास्त गोळी सोडून पुन्हा सुरू केली, की तो पुन्हा वर जातो. ‘शरीराला जरा विश्रांती’ म्हणून अधूनमधून गोळी बंद करणं म्हणूनच वाटतं तितकं निरुपद्रवी नाही. पस्तिशीनंतर धूम्रपान, डोळ्यांपुढे चमक येऊन होणारी अर्धशिशी, उच्च रक्तदाब, आधी झालेली गुठळी, यांतलं काहीही असेल तर ही गोळी नको. सुरू करण्याआधी रक्तदाब मोजायलाच हवा. दोन मिनिटांचं काम, आणि तेच राहून जातं.

एक गोंधळ इथेच निस्तरलेला बरा. पाळी पुढे ढकलायला म्हणून चार-आठ दिवस घेतात ती गोळी वेगळी. ती नॉरएथिस्टेरॉन, बहुधा पाच मिलिग्रॅमची, दिवसातून तीनदा. ती बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. अशा घेण्याने गर्भनिरोध होत नाही, आणि या मात्रेत तिचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे गुठळीचा इतिहास असणाऱ्यांनी तीही परस्पर घेऊ नये.

मूल हवं झालं आणि गोळ्या थांबवल्या, तर बहुतेकींची पाळी तीन महिन्यांच्या आत परत येते.

(दृश्य: दवाखान्यातल्या नोंदीचा कागद. पेन एका ओळीवर थांबलंय.)

एक अडचण मात्र औषधाने सुटणारी नाही. दिवस राहिल्याची पहिली खूण म्हणजे पाळी चुकणं, आणि इथे चुकायला पाळीच नाही. गोळ्या विसरल्या असतील, मळमळ नव्याने सुरू झाली असेल, तर घरी चाचणी करून बघणं हाच मार्ग.

आणि हा कागद. दाताचं दुखणं असो की पोटाचं, जवळजवळ प्रत्येक दवाखान्यात बाईला एक प्रश्न ठरलेला: शेवटची पाळी कधी आली? ती आठवायला लागते. मार्च? की फेब्रुवारी? मग गडबडीत एक तारीख सांगून टाकते. पेन ती लिहायला लागतं.

ती थांबवते. ‘तारीख नका लिहू. गोळ्या चालू आहेत, सलग. आठ महिने झाले. गोळीचं नावही लिहून घ्या.’

(पेन आधीची तारीख खोडतं.)