नहाणीतलं दोन इंच पाणी

मे महिन्यात गावी जाऊन आलात, महिनाभराने कुलूप उघडलं, की आधी नाकात शिरतो तो गटाराचा वास. मग खिडक्या उघडायच्या, फिनाईल ओतायचं. खरं तर मोरीत तांब्याभर साधं पाणी ओतलं तरी बहुतेक वेळा काम होतं.

ही जाळी उचलून आत बघा. हा नहाणी ट्रॅप. आपल्या घरातला 'नहाणी' हा शब्द सिव्हिल इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही तसाच गेला आहे. ट्रॅपच्या वळणात पाणी कायम साचून राहतं, साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच. आंघोळीचं पाणी त्याला ढकलून पुढे जातं, पण पलीकडची गटारातली हवा आणि झुरळं त्या पाण्यापाशी अडतात. घर बंद राहिलं की हे पाणी उन्हाळ्यात हळूहळू उडून जातं आणि वाट मोकळी होते. काही ट्रॅपमध्ये हे वळण जाळीखालच्या वाटीमुळेच तयार होतं; केस अडकतात म्हणून ती काढून ठेवली, तरी तेच होतं. ती वाटी कृपा करून परत बसवा.

अशा वळणाचं पेटंट १७७५ साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग यांनी घेतलं. ते घड्याळं बनवत.

पण वळण असूनही पाणी टिकेलच असं नाही. डब्यातून रॉकेल काढताना नळी तोंडाने एकदा ओढली, की पुढचं आपोआप येत राहायचं, आठवतं? इमारतीच्या उभ्या पाइपातही तशीच ओढ तयार होते. वरच्या मजल्यावरून पाण्याचा लोंढा खाली येतो, त्याच्या मागे हवा विरळ होते आणि ती जागा भरायला तुमच्या ट्रॅपमधलं पाणी खेचलं जातं. मोरीतून गुडगुड ऐकू येते ती यामुळेच. लोंढ्याच्या पुढे मात्र हवा दाबली जाते. म्हणून तळमजल्यावर कधी उलटे बुडबुडे येतात.

यावर उपाय म्हणजे इमारतीच्या मागून गच्चीपर्यंत गेलेला वेंट पाइप. त्यातून एक थेंबही वाहत नाही. तो फक्त हवा आणतो, जादा हवा बाहेर सोडतो आणि प्रत्येक घरातलं ते दोन इंच पाणी जागेवर ठेवतो.

हे पाणी नसलं तर काय होऊ शकतं, ते हाँगकाँगने २००३ साली पाहिलं. अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या श्वसनाच्या गंभीर साथरोगाचा एक रुग्ण येऊन राहिला. त्याला जुलाब होत होते. तिथले रहिवासी बाथरूमची फरशी पाण्याने धुण्याऐवजी पुसून घेत, त्यामुळे जमिनीतले ट्रॅप कोरडे पडले होते. बाथरूमचा पंखा लावला की तो सांडपाण्याच्या पाइपातली हवा, विषाणूंच्या तुषारांसकट, घरात ओढत असे. तपासात ही वाट पुढे आली. वसाहतीतल्या तीनशेहून अधिक लोकांना लागण झाली. त्यानंतर तिथलं आरोग्य खातं लोकांना सांगत आलं आहे: आठवड्यातून एकदा प्रत्येक मोरीत अर्धा लिटर पाणी ओता.

पाहुण्यांसाठी ठेवलेलं, एरवी बंद असलेलं बाथरूम आज उघडा आणि तिथे तांब्याभर पाणी ओता. आणि गुडगुड थांबतच नसेल, तर गच्चीवर जा. शेड घालताना किंवा वॉटरप्रूफिंग करताना वेंट पाइपचं तोंड कोणी बुजवलं नाही ना, ते बघा.