अनावर ऑपरेटरला आवर

(दृश्य: लोहाराच्या भट्टीतून निघालेली सळई)

टोकाशी लालभडक, मधे काळवंडलेली, मागे हातात धरता येईल इतकी कोमट. आता तिची दोन्ही टोकं बर्फात दाबली, तर ती निवत जाईल. दर क्षणी तिच्यावरच्या तापमानाचा एक वक्र काढता येतो. फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिये यांनी 1807 मध्ये पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधात या निवण्याचा नियम मांडला: वक्राला जिथे उंचवटा, तिथे तापमान उतरतं, जिथे खळगा, तिथे चढतं.

नियम सोपा, पण सळईवर बिंदू अगणित, आणि सगळेच एकदम बदलतात. हिशेब कुणाकुणाचा ठेवायचा?

(दृश्य: ल्वूफ शहराची जुनी छायाचित्रं)

हे ल्वूफ. तेव्हा पोलंडमध्ये, आज युक्रेनमध्ये. इथल्या स्कॉटिश कॅफेत गणितज्ञ स्टेफान बानाख आणि त्यांचे सोबती तासन्‌तास बसत आणि संगमरवरी टेबलांवरच गणितं लिहीत. टेबल पुसलं की गणित गेलं! अखेर 1935 मध्ये बानाख यांच्या पत्नीने एक जाड वही आणून दिली. पुढे गणिताच्या जगात ती फार गाजली.

बानाख यांच्या विचारातली झेप मला आजही थरारून टाकते. अख्खा वक्र हा एकच बिंदू माना. अशा बिंदूंचा एक अवकाश कल्पा, आणि त्यात अंतर मोजायची पट्टी ठेवा. मग निवणारी सळई म्हणजे त्या अवकाशातून सरकणारा एक ठिपका. फूरिये यांचं समीकरण दिसायला अगदी कॉलेजातल्या पहिल्या अवकल समीकरणासारखं होतं: बदलाचा वेग म्हणजे ‘ए’ गुणिले आत्ताची स्थिती. उत्तर पाठच असतं, ‘ई’चा घात ‘ए’ गुणिले वेळ.

फक्त इथला ‘ए’ ही संख्या नाही. तो ऑपरेटर आहे, म्हणजे एका वक्रातून दुसरा वक्र घडवणारी क्रिया; इथे, वक्राचं दोनदा अवकलन करणारी. आणि तो अनावर आहे.

(दृश्य: पडद्यावर दाट होत जाणाऱ्या लाटा)

ही लाट पाहा. उंची 1. सळईवर 10 पट दाट केली, उंची तीच ठेवली, की ‘ए’ तिला 100 पट फुगवतो. 1000 पट दाट केली, तर 10 लाख पट. पुन्हा ‘ए’ लावला, तर लाख कोटी. घाताची नेहमीची श्रेणी लिहायला जावं, तर पदं हाताबाहेर जातात.

बानाख 1945 च्या ऑगस्टमध्ये ल्वूफमध्येच वारले. अशा अनावर ‘ए’चा घात काढायचा कसा? 1948 मध्ये या कोड्याचं उत्तर दोन टोकांकडून आलं: अमेरिकेत येल विद्यापीठातले आयनार हिल, आणि जपानमधले कोसाकू योसिदा. दोघं स्वतंत्रपणे एकाच प्रमेयाशी पोचले.

योसिदांची युक्ती जवळून बघण्यासारखी आहे. ‘ए’ला थेट भिडायचं नाही. एक धन संख्या घ्यायची, लॅम्डा. ‘लॅम्डा वजा ए’ हा ऑपरेटर उलटा करायचा. उलटा केला, की जिथे फुगवणं होतं तिथे भागणं येतं, म्हणजे लाट जितकी दाट, तितकी ती दबते. हा उलटा ऑपरेटर वापरून ‘ए’चा एक निवळलेला अवतार घडवायचा. लॅम्डा 100 धरा: दाट लाटेला 10 लाख पट फुगवणारा ‘ए’ आता 100 पटीच्याही आत राहतो. याचा घात बिनधोक काढता येतो. मग लॅम्डा वाढवत न्यायचा, आणि ते घात खऱ्या उत्तराकडे सरकतात.

(दृश्य: पुन्हा सळई, आता काळी, थंड)

या उत्तराला सेमीग्रुप म्हणतात. 3 सेकंद पुढे जा, मग आणखी 2. एकदम 5 सेकंद गेल्यासारखंच. यातला ‘सेमी’, म्हणजे अर्धा, का? तर हा प्रवास पुढेच होतो. मागे जायचं म्हटलं, तर मोजमापातली नजरेला न दिसणारी एखादी बारीक लाट क्षणात अफाट फुगते आणि सगळा वक्र गिळून टाकते. ही थंड सळई हातात घेऊन, मघाशी तिचं कोणतं टोक लाल होतं, हे आता सांगता येत नाही.