५० वार टॅफेटा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते ॲन लो या अमेरिकन शिवणकार बाईंबद्दल. नवरीचे आणि समारंभांचे पोशाख शिवण्यात त्यांचं सारं आयुष्य गेलं.

१८९८ साली अलाबामा राज्यातल्या क्लेटन गावी त्यांचा जन्म झाला. आजी गुलामगिरीत जन्मलेली आणि शिवणकाम करणारी, आईचाही धंदा तोच. शिवताना पडलेल्या चिंध्यांची लहानगी ॲन फुलं करायची. पुढे कापडी फुलं हीच तिच्या कामाची खूण झाली. १९१४ मध्ये आई गेली तेव्हा गव्हर्नरच्या पत्नीचे चार पोशाख अर्धवट राहिले होते. ते या कोवळ्या मुलीनं पुरे केले. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या शिवणशाळेत गेली, तर कृष्णवर्णीय म्हणून तिला वेगळ्या खोलीत एकटीला बसवलं. मग फ्लोरिडातलं टॅम्पा, पुन्हा न्यूयॉर्क, बड्या घरांची गिऱ्हाइकं. हे भरभर सांगते आहे, कारण मला यायचंय १९५३ च्या सप्टेंबरवर.

१२ सप्टेंबरला न्यूपोर्टमध्ये जॅकलिन बूव्हिए आणि सिनेटर जॉन केनेडी, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले, यांचं लग्न होतं. नवरीचा पोशाख लोबाई शिवत होत्या. त्याला हस्तिदंती रंगाचा टॅफेटा, म्हणजे एक कडक रेशमी कापड, लागलं ५० वार. पन्नास वार! म्हणजे पाच नऊवाऱ्या आणि वर पाच वार, एकाच अंगावर. वरच्या घट्ट भागावर चिमट्या, म्हणजे शिवलेल्या बारीक घड्या, घातलेल्या पट्ट्या एकमेकींत गुंफलेल्या, घेरावर झालरींची मोठमोठी वर्तुळं आणि मेणाची इवलीशी फुलं. दोन महिन्यांचं काम होतं ते.

आणि लग्न दहा दिवसांवर आलेलं असताना लोबाईंच्या शिवणघरातला पाण्याचा पाइप फुटला. नवरी आणि तिच्या पाठराखणींसाठी शिवलेल्या पंधरापैकी दहा पोशाख गेले. नवरीचा त्यातच.

टॅफेटा घट्ट विणीचा, कडक अंगाचा. भिजला की कड्यासारखे डाग उमटतात, कडकपणा उतरतो, चुरगळला तिथे रेघ राहते. उसवून पुन्हा शिवावा, तर सुईची भोकं बुजत नाहीत. म्हणजे वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पुन्हा सांगते, काहीच उरलं नव्हतं.

नवं कापड आलं, जादा हात लावले. दोन दिवस बेतायला, तीन दिवस शिवायला. पाचातले दोन नुसते बेतण्यात, हे नीट ऐका. घाईत माणूस मशीनकडे धावतो आणि तिथेच फसतो. झालरीची पट्टी घेराच्या निदान दुप्पट हवी. एका वर्तुळाला कमी पडली, तर त्याच्या चुण्या विरळ, शेजारच्याच्या दाट, आणि फोटोत ते पहिलं दिसतं. चिमट्यांचं तर गणितच आहे. चिमटा कापड दुहेरी खातो. प्रत्येक चिमटा अर्धा मिलिमीटर जास्त खोल गेला, तर वीस चिमट्यांत पट्टी दोन सेंटिमीटर आखूड होते. मग ती शिवणीला पोचत नाही, आणि टॅफेटात तर उसवायची सोय नाही. म्हणून आधी खुणा, कच्चा टाका, मोजणी, मगच पक्की शिलाई.

मोजणीवरून आठवलं, हल्ली ब्लाउजांत माया, म्हणजे शिवणीच्या आतलं जादा कापड, ठेवतच नाहीत. दोन्ही बाजूंना इंच-इंच माया हवीच हवी. चार बोटं कापड वाचवायचं आणि दोन वर्षांत ब्लाउज कपाटात पडायचा, हा कुठला हिशेब? कापड टाकतानाच बजावून सांगत जा.

तर पोशाख वेळेवर झाले. या कामात ७०० डॉलर सुटायचे होते, त्याऐवजी २,२०० डॉलरची खोट आली. नवरीकडच्यांना त्यांनी पाइपबद्दल चकार शब्द सांगितला नाही. पोशाख घेऊन त्या स्वतः न्यूपोर्टला गेल्या, तर दारावरच्या माणसानं त्यांना मागच्या दारानं यायला सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पोशाख परत नेते. आणि पुढच्याच दारानं आत गेल्या.

वर्तमानपत्रांनी पोशाखाच्या वर्णनानं रकाने भरले. शिवणारीचं नाव मात्र जवळजवळ कुठेच छापलं नाही.

पुढचा काळ कठीण होता. कामाच्या मानानं दर कमी, त्यात चांगल्या कापडाचा सोस. हात सोन्याचे, पण वहीत खोट. माझं स्पष्ट मत आहे, हातशिलाईचे तास बिलात लावायलाच हवेत आणि गिऱ्हाइकानं तिथे घासाघीस करू नये. १९६२ मध्ये काचबिंदूपायी त्यांचा उजवा डोळा काढावा लागला. कराची थकबाकी कुणीतरी नाव न सांगता भरली. ती जॅकलिन यांनीच भरली, असं लोबाई मानत. तरीही १९७२ पर्यंत त्या शिवतच राहिल्या. १९८१ मध्ये त्या वारल्या.

तो पोशाख आता बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. रेशीम फार नाजूक झालंय. म्हणून २०२३ मध्ये डेलावेअरच्या विंटरथर संग्रहालयानं ॲन लो यांच्या कामाचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्यासाठी मूळ पोशाख बारकाईनं तपासून नवी प्रतिकृती शिवून घेतली. पट्ट्या, चिमट्या, झालरी, सगळं पुन्हा पहिल्यापासून.