बाळ बोलत नाही? शब्द मोजण्याआधी त्याचं बोट बघा

नमस्कार मंडळी. आजचा विषय ऑटिझम, म्हणजे मुलाचं इतरांशी बोलणं-मिसळणं वेगळ्या पद्धतीने वाढतं ते. पण आधी एक प्रयोग करायचाय. घरात दीड-पावणेदोन वर्षांचं बाळ असेल तर व्हिडिओ इथेच थांबवा, त्याला कडेवर घ्या आणि गॅलरीत जा. कुत्रं, कबुतर, जेसीबी, काहीतरी दिसेलच. तुम्ही काही बोलू नका. बाळ काय करतं ते फक्त बघा.

(दोन सेकंद शांत)

या वयाचं मूल बहुतेक वेळा बोट करतं. 'उं, उं' करतं आणि लगेच मान वळवून तुमच्याकडे बघतं. एकदा कुत्र्याकडे, एकदा तुमच्याकडे. त्याला ते कुत्रं नको असतं. तुम्हीही ते बघितलंत ना, एवढंच हवं असतं.

माझा मुलगा हे करत नव्हता. आणि मला ते दिसलंच नाही, कारण मी शब्द मोजत बसलो होतो.

आमच्याकडे नाशिकला सकाळी घंटागाडी येते. गाणं ऐकू आलं की हा हातातलं टाकून गॅलरीत पळायचा. ग्रिलला गाल लावून उभा. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत जागचा हलायचा नाही. आम्ही पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो, याला घंटागाडीचं वेड आहे! मग दिवाळीला बहीण आली. तिची मुलगी याच्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान. गाडी आली तशी तिने ग्रिलमधून बोट बाहेर काढलं, 'दाऽ' करून ओरडली, आणि वळून आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आजीकडे. सगळ्यांनी बघितलं याची खात्री झाल्यावरच परत गाडीकडे वळली. माझा मुलगा तिच्या शेजारीच होता. ग्रिलला गाल लावून. त्या सकाळी माझ्या पोटात पहिल्यांदा गोळा आला.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. त्याला पाणी हवं असलं की तो माझं मनगट धरून मला फ्रिजपर्यंत न्यायचा आणि माझा हात हँडलवर ठेवायचा. तोंडाकडे बघायचा नाही. मी म्हणजे जणू फ्रिज उघडायचा चिमटा. नावाने दहा हाका मारल्या तरी ढिम्म, पण आतल्या खोलीत वेफर्सचं पाकीट वाजलं की हजर. त्यावरून आम्ही काय निष्कर्ष काढला? कान उत्तम आहेत, पोरगं हट्टी आहे.

आता सांभाळून ऐका. यातली एखादी गोष्ट दिसली म्हणजे ऑटिझम आहे, असं नाही. आणि बोट करणाऱ्या मुलाला ऑटिझम नसतोच, असंही नाही. मुलींमध्ये तर खुणा बऱ्याचदा इतक्या पुसट असतात की 'लाजरी आहे' म्हणून विषय संपतो. बघायचं ते एकूण चित्र. वर्ष उलटलं तरी बडबड नाही, टाटा नाही, बोट नाही. सोळा महिने झाले तरी अर्थाचा एक शब्द नाही. दोन वर्षांचं झालं तरी स्वतःहून 'बाबा ये', 'दूदू दे' असं दोन शब्दांचं काही नाही. शिवाय गाडी चालवण्याऐवजी तासन् तास चाक फिरवत बसणं, मिक्सरच्या आवाजाला कान झाकून किंचाळणं, टीव्हीवरची जाहिरात घडाघडा म्हणणं पण 'तुला काय हवं' याला उत्तर नसणं. आणि मूल आधी 'काका', 'पाणी' म्हणायचं आणि आता म्हणेनासं झालंय, असं असेल तर पुढच्या लसीच्या तारखेची वाट बघू नका. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

लसीचा विषय निघालाच आहे तर एका दमात संपवतो. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने ऑटिझम होतो हे 1998 सालच्या एका शोधनिबंधातून पसरलं. फक्त 12 मुलांवरचा निबंध. तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो 2010 मध्ये मागे घेतला आणि ज्याने लिहिला त्याचा इंग्लंडमधला डॉक्टरकीचा परवाना गेला. लसी चुकवू नका.

घरच्यांचं काय? आमच्याकडे आईचं ठरलेलं वाक्य होतं, 'तूसुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हतास.' काकूंचं मत, मोबाइलमुळे झालं. मोबाइल बंद कराच, त्याने बोलणं मागे पडू शकतं. पण मोबाइल बंद करून सहा महिने वाट बघू, हे करू नका. आम्हाला तर एका डॉक्टरांनीच सांगितलं, मुलगे उशिरा बोलतात, तीन वर्षांपर्यंत थांबा. आम्ही थांबलो. खरं सांगायचं तर तेच ऐकायचं होतं म्हणून थांबलो. ते महिने मला आजही टोचतात.

तर जायचं कुठे? आधी बालरोगतज्ज्ञ. त्यांना 'बोलत नाही' एवढंच सांगू नका, हाकेचं, बोटाचं, मनगट धरण्याचं सांगा. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची हो-नाहीची चाचणी असते, ती करून घ्या. ती फक्त चाळणी आहे, निदान नाही. त्यात अडकलं म्हणजे पुढे तपासायचं, इतकंच. सोबत कानांची बेरा चाचणी. वेफर्सचं पाकीट ऐकू आलं तरीही करा. बाळ झोपेत असताना करतात, दुखत नाही.

प्रत्यक्ष निदान करतात विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. लोक विचारतात, एमआरआय केला का? ऑटिझम रक्तात किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. तज्ज्ञ मुलाशी खेळतात, बघतात, तुम्हाला तासभर खोदून खोदून विचारतात. अनुभवी हातांना दोन वर्षांच्या आसपास, कधी त्याआधीही, सांगता येतं.

खासगीतला खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. डीईआयसी म्हटलं तर लवकर कळेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, तिथूनही तिकडे पाठवतात. अंगणवाडी सेविका ताईंना विचारायला लाजू नका, रांगेतल्या कुठल्याही ओळखीपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होतो. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम नावानिशी आहे, त्यामुळे पुढे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, शाळेतल्या सवलती मिळतात. प्रमाणपत्राच्या कल्पनेने आमच्या घरात आठवडाभर कुणी नीट जेवलं नव्हतं. त्यावर वेगळा व्हिडिओ करीन.

बोलण्यासाठीची स्पीच थेरपी, रोजच्या कामांसाठी-खेळासाठीची ऑक्युपेशनल थेरपी मात्र निदानाचा कागद हातात पडेपर्यंत अडवून ठेवू नका. शंका आहे एवढ्यावर सुरू करता येते. 'पूर्ण बरा करतो' म्हणून लाखो रुपयांचं स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवणारे भेटतील. तिथून चप्पल घालून बाहेर पडा.

ऑटिझम असलेल्यांसाठी मराठीत वापरतात तो 'स्वमग्न' हा शब्द मी मुद्दाम टाळलाय. माझा मुलगा स्वतःत मग्न कधीच नव्हता, तो घंटागाडीत मग्न होता. थेरपीच्या ताईंनी तिथूनच सुरुवात केली, खेळण्यातली घंटागाडी घेऊन.

शेवटचं, तपासणीला जाताना मुलाचे व्हिडिओ घेऊन जा. दवाखान्यात मूल एकतर रडतं नाहीतर झोपतं. पण समोर मोबाइल धरून 'काऊ कुठेय, दाखव ना, दाखव' करत काढू नका, त्यात फक्त तुमचाच आवाज येतो. मोबाइल कपाटावर टेकवून ठेवा, तुम्ही तिथेच खाली बसा आणि कुकरच्या चार शिट्ट्या होईपर्यंत गप्प राहा. मधे एकदाच, मागून, नेहमीच्या आवाजात नावाने हाक मारा.